तातडीचं काम

सोमवार, ३

आज तो सापडला. खंड चौऱ्याऐंशी, पान दोनशे सहा, डाव्या रकान्यात खालून चौथा. नाव इथे लिहिणार नाही, वही बाटेल. आमच्या गावात त्याला अजून साहेब म्हणतात. मी बारा वर्षं त्याला 'तो' म्हणतो आणि माझं काही अडलेलं नाही.

ही वही मावशींनी दिली. मावशी म्हणजे आमच्या तळघरात जुन्या खंडांच्या टाचण्या काढणाऱ्या, ब्रशने धूळ झटकणाऱ्या बाई. सगळ्यांच्याच मावशी. म्हणाल्या, "दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं उलटतोस, जरा स्वतःचंही लिही." त्यांना वाटलं असेल, पोरगा घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे, मन मोकळं करेल. मन मोकळं करायला मला सवड नाही. ही वही त्याच्यासाठी आहे.

काम असं: संसदेत कोण काय बोललं, कुणी कुठे मत दिलं, ते सगळं जाडजाड खंडांत छापलेलं आहे. ते संगणकावर चढवायचा ठेका आमच्या मुकादमाने घेतलाय. खंड उघडून ठेवायचा. वरून काचेची पाटी खाली येते, पान सपाट होतं, दोन कॅमेरे फोटो काढतात, पाटी वर जाते, मी पान उलटतो. बोटाला रबरी टोपी. दिवसाला तीन हजार पानं. इथे मला 'उलट्या' म्हणतात. आधी राग यायचा, आता ओ देतो.

मुकादम म्हणतो, सातवी अर्धी झालेल्याला याहून बरं काम मिळणार नाही. अर्धी का, ते त्याने विचारलं नाही. त्याचं उत्तर याच खंडांत कुठेतरी आहे.

मंगळवार, ४

जेवताना मावशींनी विचारलं, "एवढं काय वाकडं केलंय रे त्याने तुझं?"

सांगितलं. आमच्या गावात सरकारी काच कारखाना होता, औषधाच्या बाटल्यांचा. बाबा भट्टीवर, शिवाय युनियनचे सेक्रेटरी. शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा. मी बारा वर्षांचा असताना सरकारने तोट्यातले कारखाने बंद करायचा कायदा आणला. त्याला एक यादी जोडलेली होती, यादीत आम्ही सातवे. हा आमचा खासदार. गेटवर उभा राहून म्हणाला होता, "मत द्यायची वेळ येईल तेव्हा माझा हात तुमच्यासाठी वर असेल." मी दिव्याच्या खांबावर चढून स्वतःच्या कानांनी ऐकलंय. सहा महिन्यांत भट्टी थंड झाली. भट्टी एकदा थंड झाली की आतल्या काचेचा दगड होतो, मग ती कुणाच्या बापाला पेटत नाही. शाळेला कुलूप लागलं. मी विटा उचलायला गेलो.

"मग त्याने मत कुठे दिलं?"

"तेच शोधतोय."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"माहीत आहे. फक्त पान सापडायचंय."

मावशींनी डब्याचं झाकण लावलं.

गुरुवार, ६

ताईचा फोन. तो परत उभा राहतोय. दोन निवडणुका हरून घरी बसला, आता पुन्हा खुमखुमी. रविवारी तेवीस तारखेला कारखान्याच्या जुन्या कँटीनमध्ये कामगारांची सभा आहे, आणि स्टेजवर त्याचं स्वागत कोण करणार, तर बाबा.

"तू अडवलं नाहीस?" मी म्हणालो.

"मी कोण अडवणार? बाबांनी परवाच शर्ट इस्त्री करून घेतलाय."

भावोजींचं छपाईचं दुकान आहे. त्यांनी मागून ओरडून सांगितलं, "मेहुणे, स्वागताचा फलक आपल्याकडेच आहे. तुम्हाला निषेधाचा छापायचा असेल तर आत्ताच सांगा, एकाच शाईत दोन्ही काढतो."

ते चेष्टा करत होते. मी नाही.

शनिवार, ८

वीस दिवस उरले असते तर बरं झालं असतं, पंधराच आहेत. फोन दारावर जमा करावा लागतो, म्हणून पान डोक्यात ठेवायचं आणि जेवणाच्या सुट्टीत वहीत उतरवायचं. मावशी म्हणतात, "यात चोरण्यासारखं काय आहे? हे छापलंय ते सगळ्यांसाठीच. पण मुकादमाने बघितलं तर काम जाईल." आणि स्वतःच माझ्या आणि मुकादमाच्या मधे खंडांची उतरंड रचतात.

आजपर्यंतचा त्याचा हिशेब. पाच वर्षांत भाषणं तेवीस. प्रश्न एक्केचाळीस. हजेरी दहातले आठ दिवस. कारखान्यावरचे प्रश्न नऊ.

नऊ जरा जास्त वाटतात. त्यातले पाच तसे कारखान्याचे नाहीतच. एक शाळेच्या छपराचा, दोन दवाखान्याचे, एक पाण्याचा, एक भट्टीवाल्यांच्या डोळ्यांचा. हे सगळे इकडचे तिकडचे. कागदावर मी चारच धरतो.

रविवार, ९

बाबांना फोन केला. म्हटलं, स्टेजवर जाऊ नका.

"का?"

"त्याने आपल्याला विकलं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? कारखाना उघडा आहे का?"

पलीकडे बाबांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "जेवण वेळेवर होतं का तुझं?" बाबांचं हे असंच. भट्टीच्या धगीने डोळे गेलेत, जाड निळसर चष्मा आहे, पण त्या चष्म्यातून समोरचं सरळ बघायची तयारी नाही.

आमच्या घरात एक फोटो आहे. बाबा कारखान्याच्या गेटवर खाटेवर, उपोषणाचा अकरावा दिवस, आणि तो वाकून बाबांच्या तोंडाला ग्लास लावतोय. त्या दिवशी गाव नुसतं उसळलं होतं. आठव्या दिवशी बाबांनी शपथ घेतली होती, की तो स्वतः येऊन उभा राहिल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही. नुसती आश्वासनं नकोत, माणूस हवा. आणि आणला की नाही खेचून, दोन दिवसांच्या वाटेवरून? माझा भूगोलाचा पेपर होता त्या गुरुवारी, मी गेलोच नाही. फोटोत कडेला माझं कोपर दिसतं. माझ्या बापाने खासदाराला हलवलं होतं, भूगोल गेला उडत.

एवढा मोठा माणूस, आणि आता त्याच्याच गळ्यात हार घालणार. जेवायला बसतानाही बाबा त्या फोटोकडे पाठ करून बसतात. म्हणतात, तिकडून पंख्याचा वारा लागतो.

बुधवार, १२

मिळालं.

खंड एक्क्याण्णव. घाईत पान दुमडलं, मुकादम खेकसला. पाटी खाली आली आणि काचेखाली ते सगळं सपाट, स्वच्छ. 'यादीतून क्रमांक सात वगळावा' अशी एका सभासदाची दुरुस्ती. मतदान. वगळा म्हणणारे एकशे अठ्ठ्याऐंशी. वगळू नका म्हणणारे एकशे एकोणनव्वद.

एका मताने.

दोन्ही याद्यांत त्याचं नाव नाही. तिसरी यादी बारीक टायपात, 'अनुपस्थित', तिथे आहे. तो विकला गेला असता तर निदान दुसऱ्या बाजूला हात तरी वर केला असता. आलाच नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवस त्याची खुर्ची रिकामी. मंगळवारी मात्र हजर आहे, कारखान्यावरच पोपटासारखा बोलतोय, 'परवा होणाऱ्या मतदानात सभागृहाने विचार करावा.' सभागृहाने विचार करावा, आणि याने फिरायला जावं.

चौदा मार्च, गुरुवार. तारीख मी वहीत दोनदा गिरवली. मला आज जेवण गोड लागलं, खोटं कशाला लिहू.

गुरुवार, १३

राहवलं नाही, मावशींना सांगताना मुकादमाने ऐकलं. मला वाटलं, गेलं काम. पण त्याने खुर्ची ओढली. त्याची या कागदांत पंधरा वर्षं गेलीत.

"एक मत कमी पडलं म्हणतोस. ते पडलं असतं तर काय झालं असतं?"

"वाचला असता कारखाना."

"बरोबरी झाली असती. बरोबरी झाली की अध्यक्ष मत देतात. अध्यक्ष कुणाचे होते?"

मी बोटाची रबरी टोपी काढून पुन्हा घातली.

"सरकारचे होते. मग?"

"मला बरोबरीसुद्धा चालली असती," मी म्हणालो.

मुकादम हसला. "उलट्या, तू पुढाऱ्यांपेक्षा बरा आहेस. तुला कळतं आणि तरी पटत नाही. आता ब्याण्णव लाव."

रविवार, १६

बाबांना सांगून टाकलं. एक मत, अनुपस्थित, सगळं. मला वाटलं होतं चिडतील, शिव्या देतील, इस्त्रीचा शर्ट चुलीत घालतील.

"वार कुठला लिहिलाय?" एवढंच विचारलं.

"गुरुवार. चौदा मार्च."

"छापलेलं आहे? तारखेसकट?"

"बाबा, मी काय मनचं सांगतोय?"

मग आईने फोन घेतला. म्हणाली, "अरे, तू तिकडे बरा आहेस ना? जुनं उकरून कुणाचं भलं झालंय?" मागून बाबा काहीतरी म्हणाले. आईने ते मला सांगितलं नाही.

माणसं अशी मऊ होतात म्हणूनच पुढाऱ्यांचं फावतं. आता थांबणार नाही.

मंगळवार, १८

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. खंड ब्याण्णवमध्ये रजेचं पान निघालं. सभासद गैरहजर राहिला की त्याला सभागृहाची परवानगी मागावी लागते, आणि कारण वाचून दाखवतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाची आई वारली. त्याच्या नावापुढे काय? 'मतदारसंघातील तातडीचे काम.'

तातडीचं काम! फीत कापायची असेल कुठली. नाहीतर बायकोच्या भावाचं लग्न. इकडे आमच्या भट्टीचा जीव टांगणीला, आणि साहेबांना मतदारसंघात तातडीचं काम.

मावशींनी ते पान वाचलं. नंतर बराच वेळ एकाच टाचणीशी खटपट करत राहिल्या. "मतदारसंघ म्हणजे तुझंच गाव ना?"

"हो."

"मग तिथे त्या दिवशी काय होतं, ते घरी विचार आधी."

"घरी काय विचारायचं? त्यालाच विचारायचं. सगळ्यांसमोर."

बुधवार, १९

सुट्टीच्या अर्ध्या तासात कोरा कागद घेऊन एकटाक लिहिलं. शाळेत माझं अक्षर नावाजलेलं होतं, मास्तर फळ्यावर सुविचार माझ्याकडून लिहून घ्यायचे.

'कामगारांनो, वाचा. पाच वर्षांत कारखान्यावर प्रश्न: चार. आपल्या कारखान्यावर मतदान: चौदा मार्च, गुरुवार. आपण हरलो: एका मताने. साहेब: गैरहजर. कारण: मतदारसंघातील तातडीचे काम. कोणतं काम? साहेब समोर आहेत. विचारा.'

खाली सही 'एक कामगारपुत्र'. संध्याकाळी खोलीवर येऊन फोटो काढला आणि भावोजींना पाठवला. टाईप करून मोठा छापा म्हणून सांगितलं.

शनिवार, २२

भावोजींचा फोन. "टाईप कशाला करू? अक्षर एवढं छान आहे, तसंच मोठं करून काढलं. तीन प्रती. रात्री चिकटवतो. पण मेहुणे, एक सांगा, सासरेबुवांना माहीत आहे ना?"

"उद्या कळेल."

"मला तुमच्या ताईच्या हातचं जेवायचं असतं हो रोज," ते म्हणाले. पण लावतो म्हणाले.

त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि हसू येतं. बारा वर्षांनी का होईना.

सोमवार, २४

काल संध्याकाळी ताईचा फोन आला. ती रडत नव्हती, त्याचीच भीती वाटली. तिने सांगितलं तसं लिहितो.

कँटीन भरलेलं. तिन्ही कागद भिंतीवर, लोक घोळक्याने वाचतायत. तो आला. म्हातारा झालाय, काठी आहे. त्यानेही वाचलं. काही न बोलता स्टेजवर जाऊन बसला. मग मागून ओरडा सुरू झाला, "साहेब, काम काय होतं ते सांगा." त्याने मान हलवली फक्त. पुन्हा ओरडा. कुणीतरी खुर्ची आपटली.

मग बाबा उठले. हार टेबलावर ठेवला. स्टेजवरून उतरून भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर ढकलला, नाक कागदाला टेकेल इतकं जवळ जाऊन एकेक ओळ वाचली. ताई म्हणते, वाचून झाल्यावर त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला. परत जाऊन माईक घेतला.

"ते तातडीचं काम म्हणजे मी."

मागे खुर्ची आपटणारा खाली बसला.

"मी खाटेवर होतो. यांचा फोन आला होता, गुरुवारी मतदान आहे, मत देतो आणि निघतो, दोन दिवस कळ काढा. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. आधी या, नाहीतर पाणी घेत नाही. डॉक्टरांनी यांना सांगितलं, हा माणूस शनिवार बघणार नाही. तेव्हा हे निघाले. मी ग्लास तोंडाला लावला तेव्हा तिकडे मतं मोजत होते. मला संध्याकाळी कळलं. बारा वर्षं मी बोललो नाही. यांनीही बोलून दाखवलं नाही, दोनदा पडले तरी."

ताई म्हणाली, कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवी दिली नाही. लोक उठून जायला लागले. भट्टीवरचे काका, बाबांच्या शेजारी वीस वर्षं उभे राहिलेले, जाताना एवढंच म्हणाले, "सेक्रेटरी, आम्हाला तेव्हा सांगायचं होतंस." बाबांना घरी आणायला कुणी थांबलं नाही. त्याच्या गाडीतून आले.

"त्याने काही म्हटलं का?" मी विचारलं.

"त्यांनी," ताई म्हणाली. "त्यांनी म्हण आता. कागदाकडे बघत म्हणाले, 'चार नव्हते, नऊ असावेत. पण माझ्याकडे कागद नाहीत. घरात पाणी शिरलं तेव्हा सगळे गेले.' मग विचारलं, अक्षर कुणाचं. बाबांनी सांगितलं, माझ्या मुलाचं."

आज चार पानं दुमडली. मुकादम काही बोलला नाही. मावशींनी सांगितलं असणार.

मंगळवार, २५

राग गेलेला नाही. तो नाही म्हणू शकला असता. एक माणूस की सातशे घरं, एवढं खासदाराला कळू नये? मी त्याच्या जागी असतो तर राहिलो असतो, मत दिलं असतं.

हे लिहिलं आणि वाचलं. मी त्याच्या जागी असतो तर खाटेवर बाबा असते.

गुरुवार, २७

ताई म्हणते, काका संध्याकाळी येत नाहीत. कुणीच येत नाही. बाबा ओट्यावर दोन खुर्च्या मांडून एकटे बसतात. फोटो उतरवलाय, भिंतीवर चौकोन राहिलाय, आणि आता बाबा तिकडे तोंड करून जेवतात.

मला त्याला भरल्या सभेत नागवं करायचं होतं. केलं ते कुणाला?

रविवार, ३०

बाबांचा फोन. त्यांनी स्वतःहून केला, नेहमी मीच करतो.

"जेवलास?"

"हो."

"कागद वाचला मी. अक्षर चांगलं आहे अजून." मग म्हणाले, "भूगोलाच्या पेपरला बसला असतास तर बरं झालं असतं त्या दिवशी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी विचारलं, "चार की नऊ?"

मी वहीतलं आठ तारखेचं पान काढलं. "नऊ," म्हणालो.

"मग तसं लिहून पाठव त्यांना. सगळे. मंत्र्यांनी उत्तरं काय दिली तीही. ते निवडणुकीतून बाहेर पडलेत, त्यांना उपयोग नाही. पण पाठव."

"बाबा, माझं चुकलं."

"तुझं कुठे? तू बघितलंस ते लिहिलंस," बाबा म्हणाले. "चार सोडून." आणि फोन ठेवला.

सोमवार, ३१

मावशींनी खंड चौऱ्याऐंशी मांडणीतून परत काढून दिला. मुकादम चहाला गेला, मुद्दाम गेला असं वाटतं. आधी ते पाच उतरवायला घेतले, मी न धरलेले. स्वच्छ कागद, स्वच्छ अक्षर.

'प्रश्न: काच कारखान्यातील भट्टीवर काम करणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांची तपासणी शेवटची कधी झाली? उत्तर: अशी तपासणी आजवर झालेली नाही. चालू महिन्यात करण्यात येईल व गरजूंना चष्मे देण्यात येतील.'

दुसरीत होतो मी तेव्हा. बाबा निळसर चष्मा लावून दारात उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "अरे, तुझ्या नाकावर तीळ आहे की."